उघडून पाहण्याची विद्या

मंगळवार पेठ म्हटली की कोल्हापूरकराला जयप्रभा स्टुडिओ आठवतो आणि पाठोपाठ भालजी पेंढारकर. पण वाचकहो, कोल्हापूरच्या चित्रपटाचा आरंभ रंगमंचावर झाला तसा तो मेस्त्रीच्या बाकावरही झाला. यंत्रे स्वतः विचार करू लागली आहेत, अशी बोलवा सध्या आहे. म्हणून ती जुनी हकीकत पुन्हा सांगावीशी वाटते.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणे हा त्यांचा व्यवसाय, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. चित्र दाखवण्याचे यंत्र त्यांनी मिळवले. चित्र घेण्याचे मात्र हाती नव्हते. तेव्हा ते आपणच करायचे, असं ठरलं. काम अर्धे असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला. पुढे ७ फेब्रुवारी १९२० रोजी त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला.

हे काम सोपे नव्हे. फिल्म सरळ वाहत गेली तर चित्र पुसट येते. ती क्षणभर थांबली पाहिजे, प्रकाश पडला पाहिजे, मग पडद्याआड पुढे सरकली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, तेही हाताने दांडा फिरवून! फिल्मच्या भोकांत शिरणारा आकडा केसभर चुकला तरी पडद्यावर माणसे थरथरतात. हे ज्ञान आले कुठून? यंत्र उघडून, मोजून, चुकून आणि पुन्हा करून.

आता आजच्या कारखान्यात या. कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. जाड भाग शेवटी गोठतो आणि तिथे पोकळी राहते. म्हणून तिथे जादा रस पुरवणारा रायझर ठेवतात. तो कुठे ठेवावा, हे आता संगणक सांगू शकतो. नकाशा वाचून मशीनचा प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. वेळ वाचतो, माल वाचतो; त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बाबूरावांनी तरी चित्रपटाची कल्पना परकी म्हणून कुठे टाकून दिली?

फरक एवढाच, की त्यांचे यंत्र स्क्रू काढून उघडता येत होते. हे नवे यंत्र उत्तर का देते, ते त्याच्या कर्त्यांनाही पुरते उलगडत नाही. शिवाय चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठाम शब्दांत देते. समजा, जाडीचा आकडाच चुकीचा दिला, तर रायझर भलत्या ठिकाणी बसेल आणि पोकळी आतच राहील. वरून रंग दिला की ती दिसणारही नाही. दिसेल ती भार पडल्यावर, एखाद्याच्या जिवावर बेतल्यावर.

मग उपाय काय? यंत्र उघडता येत नसेल, तर उत्तर उघडावे. नमुना ओतावा, कापून पाहावा, माप घ्यावे आणि मगच सही करावी. सही माणसाचीच असते. शिकाऊ पोराच्या हाती संगणक जरूर द्या, पण कानस आणि व्हर्नियर काढून घेऊ नका. ज्याने एकदा तरी हाताने चूक केली आहे, त्यालाच यंत्राची चूक ओळखता येते.