भट्टीवरची पोरं आणि ग्रामसभा

दिवाळी झाली की कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. दाराला कडी, भांडीकुंडी आणि कोंबड्या टेम्पोत, की बिऱ्हाड निघालं वीटभट्टीवर. उचल पावसाळ्यातच घेऊन खाऊन झालेली असते. परत यायचं ते पाऊस तोंडावर आला की.

आता ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा आठवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चारपैकी दोन सभांना वाडीतली बरीचशी तरणी पोरं विटा थापत असतात. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळाला खरा, पण हात वर करायला माणूस गावात तर हवा! (‘हे लोक सभेला येतच नाहीत’ असं मीही पूर्वी म्हटलेलं आहे.)

हे आजचं नाही. खैराचा काथ काढणारे ते कातकरी. १८७८च्या कायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि तो धंदा बसला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. प्रत्येक वेळी ठरवणारे दुसरेच. १९९६च्या पेसा कायद्याने आदिवासी ग्रामसभांना मोठे अधिकार दिले, पण ते अनुसूचित क्षेत्रापुरते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातलं शहापूर त्यात आहे, रायगड नाही.

२००६ साल तर फारच विचित्र. डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला, आणि त्याच वर्षी राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात नवं कलम आलं, की सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य होऊ शकत नाही. वरवर रास्तच वाटतं. पण २०१८ साली जनाबाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांच्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही अपात्र ठरवलं. आता वाडी सरकारी जागेवर असेल तर? खोपटं आजोबाने बांधलेलं, आणि एकविसाव्या वर्षी पंचायतीला उभी राहू बघणारी नात बाद!

वनहक्क समितीत २०१२च्या नियमांप्रमाणे दोन-तृतीयांश आदिवासी आणि एक-तृतीयांश स्त्रिया लागतात. तरुणांसाठी जागा ठेवावी असं काही कुणाला सुचलं नाही. दाव्याचे कागद वाचून दाखवायला मात्र शाळा शिकलेलं पोरच लागतं.

असो. ठरलेल्या तारखांशिवाय जादा ग्रामसभा बोलावता येते, त्यासाठी कुठला कायदा बदलायला नको. जूनच्या शेवटी, एखाद्या संध्याकाळी, वाडीतच घ्यावी. तेव्हा पोरं घरी असतात.