शाळेचा जुना अॅम्प्लिफायर

प्रयोगशाळेच्या कपाटात, सर्वांत वरच्या खणात, राखाडी पत्र्याची एक जड पेटी अजून आहे. मेळाव्याच्या तयारीसाठी गेलो तेव्हा ती पाहिली. झेंडावंदन, प्रार्थना, स्नेहसंमेलन, सगळे याच पेटीतून कर्ण्यांवाटे गावभर ऐकू जायचे. "एकदा चालू करून बघू या," असे कोणीतरी म्हणाले आणि मी जवळजवळ ओरडलोच. त्यामागची हकिकत सांगायची राहून गेली होती, म्हणून हा लेख.

या पेटीची कुळकथा शाळेपेक्षा जुनी आहे. 1904 साली इंग्लंडमध्ये जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची निर्वात नळी, म्हणजे पहिला व्हॉल्व्ह, तयार केली. 1906 मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र म्हणून तारेची जाळी बसवली. जाळीवरचा अगदी क्षीण संदेश नळीतला मोठा प्रवाह कमीजास्त करू शकतो, आणि ध्वनिवर्धनाचे सारे इंगित यातच आहे. आपल्याकडे बंगळूरला 1954 साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 मध्ये व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि 1962 मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहकही. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेत 1947 सालीच लागला होता. म्हणजे व्हॉल्व्ह इथे बनू लागला तेव्हा त्याची जागा घेणाराही दारात उभा होता. तरीही आपल्या शाळेत सत्तरच्या दशकात व्हॉल्व्हचेच राज्य होते.

मी नववीत होतो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात ऐन मध्यंतराच्या सुमारास आवाज फाटू लागला. शास्त्राचे सर रंगमंचामागे दिव्यांची वायर बघायला गेले होते. अॅम्प्लिफायरजवळ बसण्याचा मान माझा. मोठ्या दोन व्हॉल्व्हपैकी एक बिघडला असावा, असे वाटले. खणात नवा होता. मी प्लग काढला, पण थांबायला धीर नव्हता. हात भाजू नये म्हणून नळावर रुमाल ओला केला आणि काच धरली. 'टच्' असा आवाज झाला. काचेला तडा गेला आणि आतला चंदेरी थर बघता बघता दुधासारखा पांढरा पडला.

सर आले. त्यांनी पाहिले, काही बोलले नाहीत. वीस मिनिटे थांबून स्वतः नवा व्हॉल्व्ह बसवला. कार्यालयात सांगितले, "जुना होता, गेला." खणात पुन्हा एक जादा व्हॉल्व्ह दिसू लागला, तो त्यांनी पदरमोड करून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला होता, हे मला फार उशिरा कळले.

सोमवारी मात्र तीच पेटी टेबलावर ठेवून त्यांनी सगळ्या वर्गाला धडा दिला. मोठ्या व्हॉल्व्हची काच चालू असताना 200 अंशांच्या आसपास तापते. तिला गार पाणी लागले की ती तडकणारच. तडा गेला की हवा आत शिरते, आणि उरलीसुरली हवा शोषण्यासाठी ठेवलेला बेरियमचा थर पांढरा पडतो. पांढरा व्हॉल्व्ह म्हणजे मेलेला व्हॉल्व्ह. म्हणून आधी बटण बंद, मग प्लग भिंतीतून बाहेर, मग निवांत थांबायचे. निवल्यावर काच न धरता खालचा बेकेलाइटचा बेस धरायचा आणि किंचित इकडेतिकडे हलवत सरळ वर ओढायचे. पिळायचे नाही, पिळले तर मधली खुंटी मोडते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उलटसुलट बसतो. छोट्या व्हॉल्व्हना बेस नसतो, पिना थेट काचेतून निघतात. त्या वाकल्या तरी काच तडकते. कोणता व्हॉल्व्ह कुठला, याची चिठ्ठी लावायची. कर्णा जोडल्याशिवाय पेटी चालवायची नाही, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

शेवटी त्यांनी पेटी उलटी करून कंडेन्सर दाखवले. आत तीनचारशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. "वरून व्हॉल्व्ह काढणे वेगळे आणि खाली हात घालणे वेगळे," सर म्हणाले. "मीटरने बघितल्याशिवाय तळाला बोट लावायचे नाही." त्या तासात त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. वर्गाला शेवटपर्यंत कळले नाही की धडा कोणासाठी होता.

मित्रहो, तो व्हॉल्व्ह माझ्या हातून फुटला, हे आज लिहून टाकतो. सरांना समक्ष सांगायचे राहिले. आणि पेटीबद्दल एवढेच, की इतक्या वर्षांनी तिचे कंडेन्सर वाळलेले असणार. मेळाव्यात ती टेबलावर जरूर मांडू, पण प्लग न लावता. जाणकाराने तपासल्यानंतर ती बोलली तर पहिली प्रार्थना तिच्यातूनच होऊ दे.