दिवा आणि विमा

कायद्याची खरी परीक्षा तत्त्वचर्चेत होत नाही. ती नागरिकाच्या घरी येणाऱ्या दिवाबत्तीच्या बिलात आणि विधवेच्या हाती पडणाऱ्या विम्याच्या रकमेत होते. न्यूयॉर्कचे वकील चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्या आयुष्यातील १९०५ हे वर्ष याची साक्ष देते.

१८६२ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेले ह्यूज १८८४ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. पुढील वीस वर्षे व्यापारी दाव्यांत गेली. सामान्य जनतेस त्यांचे नाव ठाऊकही नव्हते. १९०५ च्या वसंतात राज्याच्या विधिमंडळाने शहरातील गॅस व विजेच्या दरांच्या चौकशीचे काम त्यांच्याकडे सोपविले. हजार घनफूट गॅसला ग्राहक एक डॉलर मोजीत असत. ह्यूज यांनी कंपनीवर आरोप केले नाहीत. त्यांनी तिच्या हिशेबाच्या वह्या मागविल्या आणि उत्पादनाचा खरा खर्च उलगडून दाखविला. १९०६ मध्ये दर ऐंशी सेंट ठरला. कंपनी न्यायालयात गेली. तेव्हा नावलौकिकाचे मूल्य भांडवलात धरण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि १९०९ मध्ये तो दर कायम केला.

त्याच वर्षी आयुर्विम्याची चौकशी त्यांच्याकडे आली. सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर चाललेल्या सत्तावन्न जाहीर बैठकांत मोठमोठ्या कंपन्यांचे अध्यक्ष साक्षीस उभे राहिले. ह्यूज यांचा आवाज शांत असे. प्रश्न मात्र आकड्यांना धरून असत. विमेदारांच्या पैशांतून नातलगांना भरमसाट वेतने दिली जात होती, विधिमंडळातील दलालांना रकमा पोहोचत होत्या. १९०४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला एका कंपनीकडून अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक डॉलर मिळाल्याचेही उघड झाले.

ह्यूज स्वतः त्याच पक्षाचे होते. चौकशी रंगात आली असता पक्षाने त्यांना नगराध्यक्षपदाची उमेदवारी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. ती स्वीकारली असती, तर पुढील प्रत्येक प्रश्नास राजकारणाचा वास आला असता आणि चौकशीवरील लोकांचा विश्वास ढळला असता. या एका नकारानेच त्या साऱ्या साक्षींचे मोल टिकले.

१९०६ च्या कायद्यांनी विमा कंपन्यांच्या राजकीय देणग्यांस बंदी घातली आणि गुंतवणुकीवर मर्यादा आणली. त्याच वर्षी ह्यूज राज्यपालपदी निवडून आले. १९०७ मध्ये त्यांनी गॅस, वीज व वाहतुकीच्या कंपन्यांवर देखरेख करणारी आयोगांची व्यवस्था उभी केली. पुढे १९३० ते १९४१ या काळात ते अमेरिकेचे सरन्यायाधीश होते.

वकिलाचे सामर्थ्य केवळ वाक्‌पटुत्वात असते, असा समज रूढ आहे. ह्यूज यांची कीर्ती मात्र हिशेबाच्या वहीवर उभी राहिली. शहराचा दिवा आणि गरिबाची बचत ही दोन्ही विश्वस्तनिधीच होत. त्यांचा हिशेब मागणारा मनुष्य निरपेक्ष असेल, तरच बलाढ्यांनाही उत्तर द्यावे लागते.