रत्नजडित सांगाडा घड्याळ : दागिना आणि यंत्र

साक्री-पिंपळनेर भागातील जुन्या घरांत वडिलांचे चावीचे एचएमटी घड्याळ आजही जपलेले आढळते. अशा अनेक घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्युएल्स’ असे छापलेले असते. ही रत्ने कोणती, याचे उत्तर सांगाडा घड्याळात डोळ्यांनी पाहता येते.

सांगाडा (स्केलेटन) घड्याळात तबकडी काढून टाकतात आणि आतील धातूच्या पट्ट्या कोरून आवश्यक तेवढाच भाग शिल्लक ठेवतात. मग स्प्रिंग, चाके आणि तांबडे ठिपके उघड दिसतात. हे ठिपके म्हणजे कृत्रिम माणकाचे छिद्रयुक्त खडे. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात. माणिक कठीण व गुळगुळीत असल्यामुळे झीज कमी होते. सेकंदाला पाच ठोके देणारे घड्याळ दिवसाला ४,३२,००० ठोके देते. त्यावरून या खड्यांचे महत्त्व कळते. १७ खड्यांपैकी साधारणतः १० चाकांच्या व अंकुशाच्या आसांना आणि ७ बॅलन्स चाक व ठोक्याच्या यंत्रणेला बसवलेले असतात.

घड्याळात रत्न बसवण्याचे पेटंट निकोलस फातिओ यांना लंडनमध्ये १७०४ साली मिळाले. सांगाडा घड्याळाचे श्रेय अठराव्या शतकातील पॅरिसचे आंद्रे-शार्ल कारों यांना दिले जाते. १९०२ मध्ये फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी कृत्रिम माणकाची पद्धत जाहीर केली आणि खडे स्वस्त झाले.

महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध जुना आहे. १७३७ पासूनचा वारसा सांगणारी फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ साली मुंबईत आली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरू येथे एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि यांत्रिक घड्याळ सामान्यांच्या मनगटावर आले. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला.

महागड्या घड्याळांच्या कडेवर हिरे जडवतात. त्यांचे मोल जवाहिऱ्याने ठरवावे. आतील माणकांना मात्र दागिन्याची किंमत नसते. त्यामुळे ‘ज्युएल्स’च्या आकड्यावरून जादा दाम देऊ नये. सांगाडा घड्याळ घेताना भिंगातून कोरीव काम पाहावे. आत वळणारे कोपरे टोकदार आणि कडा तासून उजळलेल्या असतील, तर ते हातकामाचे लक्षण होय. यंत्राने कापलेले कोपरे गोलसर राहतात. घरातील जुने घड्याळ मोडीत काढण्यापूर्वी ते जाणकार कारागिराकडून उघडवून घ्यावे. पुष्कळदा केवळ साफसफाई आणि तेलपाण्याने ते पुन्हा चालू लागते.