नकाशा सुंदर आहे, पण जायचं कुठून?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना दोनदा अडखळलो होतो, तेवढं गाळलंय. बाकी सगळं तसंच.

हा भाग आमच्या घरातल्या भांडणातून आलाय. गेल्या पावसाळ्यात मी आणि ताईने एक बोर्ड गेम करायला घेतला. विषय घाटवाटा. कोकणातल्या बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादायचा, घाट चढवायचा आणि देशावरच्या बाजारात नेऊन विकायचा. नियम माझे, नकाशा ताईचा. ती जलरंगात काम करते. चार महिने बसून तिने सह्याद्री रंगवला, आणि खोटं कशाला सांगू, बघत राहावं असा रंगवला. कड्यांवरचं धुकं, खाली खाडी, नाणेघाटातला तो दगडी रांजणसुद्धा.

मग पहिल्यांदा खेळायला बसलो. पाच जण होतो. अर्ध्या तासात एकाने विचारलं, "इथून कल्याणला उतरता येतं का, की हा नुसता ओढा आहे?" ओढा आणि वाट दोन्ही एकाच तपकिरी रंगात होते. माझा आतेभाऊ होता, त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. लाल व्यापारी त्याचा, हिरवा माझा. प्रत्येक पाळीला तो हळूच विचारायचा, "हा माझाच ना?" चौथ्या-पाचव्या पाळीनंतर "चहा टाकतो" म्हणून उठला, आणि परत पटावर आलाच नाही. स्वयंपाकघरातच फोन बघत बसला. मला ते फार लागलं. मी ताईला म्हणालो, नकाशा बदलायला हवा. ती म्हणाली, "मग एक्सेल शीट छाप आणि त्यावर खेळा."

दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. त्या दोन दिवसांत मी शोधायला लागलो, की हे भांडण आमच्याआधी कोणाकोणाचं झालंय. तर बरंच जुनं निघालं.

१७५९ साली लंडनमध्ये जॉन जेफ्रीज नावाच्या माणसाने युरोपच्या सफरीचा एक खेळ छापला. हाताने रंगवलेला युरोपचा नकाशा, त्यावर ७७ क्रमांक, शेवटचा मुक्काम अर्थातच लंडन. फाशांना जुगाराचा वास येतो म्हणून आकडे लिहिलेली भिंगरी फिरवायची. रोमला पोचलात तर पोपच्या पायाचं चुंबन घेतल्याची शिक्षा म्हणून थेट थंडगार आइसलँडला रवानगी, वर तीन पाळ्या बाद! मजेशीर आहे. पण नीट बघा, यात नकाशा काहीच काम करत नाही. २० नंतर २१, २१ नंतर २२. उद्या युरोप पुसून टाकला आणि नुसते आकडे ठेवले तरी खेळ तोच राहतो. गोंधळ शून्य, कारण नकाशा नाटकातल्या मागच्या पडद्यासारखा.

खरी अडचण नकाशावर मोकळेपणाने फिरायचं ठरवलं की सुरू होते.

१७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात योहान हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने युद्धाचा खेळ बनवला. बुद्धिबळाचा पट मोठा केला, १६१७ घरांचा, आणि घरांना जमिनीप्रमाणे रंग दिले. डोंगर लाल, पाणी निळं, दलदल हिरवी. कोण कुठे आहे, कुठे जाऊ शकतो, यात शंकाच नाही. पण तो पट बघून कोणाला डोंगर आठवेल? बाथरूमच्या फरशा आठवतील. नदीसुद्धा काटकोनात वळते.

प्रशियातल्या राइसविट्झ बापलेकांना हेच खटकलं. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी एक भलं मोठं टेबल बनवून घेतलं. उंचसखल जमिनीचे चौकोनी तुकडे, हवे तसे जुळवायचे, की नवीन रणभूमी तयार. मुलगा त्याच्याही पुढे गेला. १८२४ मध्ये त्याने घरं काढूनच टाकली आणि १:८००० या प्रमाणातला खराखुरा लष्करी नकाशा पसरला. म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर साडेबारा सेंटीमीटर. सैन्य मोजपट्टीने सरकवायचं, एका पाळीत दोन मिनिटांची हालचाल. प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी हा खेळ उचलला.

मग स्पष्टता कुठे गेली? ही तुकडी झाडीत आहे की झाडीबाहेर? पलीकडच्याला ती दिसते का? हे ठरवायला एक पंच बसवावा लागला. आणि पंचाला नियमांचं जाडजूड ओझं. शेवटी १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, की बहुतेक नियम सोडा, अनुभवी पंच म्हणेल ते खरं. सैन्यात ठीक आहे, तिथे पंच वरिष्ठ असतो. आमच्या घरी पंच मी झालो तर ताई ऐकेल का? नकाशाने जे सांगितलं नाही ते कोणालातरी तोंडाने सांगावं लागतं, आणि तिथेच भांडणं होतात.

पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सच्या कंपनीने १९६१ मध्ये 'गेटिसबर्ग'च्या पटावर षटकोनी घरं आणली. चौकोनात तिरकं सरकलं की फुकटात जवळजवळ दीडपट अंतर कापलं जातं, षटकोनात ती लबाडी चालत नाही. पण नदी घराच्या मधून गेली तर सैनिक अलीकडे की पलीकडे? म्हणून अशा बऱ्याच पटांवर नदी षटकोनांच्या कडेकडेने नागमोडी नेतात. निसर्गात अशी नदी नसते, पण पूल ओलांडला की नाही यावर कोणी वाद घालत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता नकाशा. 'डिप्लोमसी'. बनवणारा ॲलन कॅल्हॅमर, हार्वर्डमध्ये शिकलेला, पुढे बरीच वर्षं पोस्टमन. कंपन्यांनी नाकारल्यावर १९५९ मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने ५०० प्रती काढल्या. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, ७ सत्ता, ७५ प्रांत, त्यातली ३४ रसद केंद्रं. १८ केंद्रं ज्याच्या हातात तो जिंकला. फासे नाहीत, नशीब नाही, नुसत्या वाटाघाटी आणि दगाबाजी.

कॅल्हॅमरने इतिहासाला कुठे कात्री लावली ते बघा. एका प्रांतात एकच सोंगटी, त्यामुळे गर्दीच नाही. स्वित्झर्लंड तटस्थ, तिथे पाय ठेवायचाच नाही, म्हणजे नकाशाच्या मधोमध एक खांब. इटलीचं व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचं त्रिएस्ते मात्र एकमेकांना चिकटलेले. दोन वेगळ्या सत्तांची घरची केंद्रं अशी शेजारी शेजारी पटावर दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणून पहिल्या पाळीपासून त्या दोघांना झोप नाही. हा ताण कुठल्या चित्रातून येत नाही, एका सीमारेषेतून येतो. माझ्या मते विषय आणि खेळ एकजीव झाले म्हणतात ते हेच.

तरी त्यालाही सगळं साधलं नाही. स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्गला दोन-दोन किनारे. आरमार तिथे नेताना कोणता किनारा ते सांगावं लागतं, आणि नवा खेळाडू हमखास विसरतो. शिवाय सगळे हुकूम कागदावर लिहायचे. १९६३ पासून लोक टपालाने खेळायला लागले, तेव्हा तर गंमतच. कोणी 'नॉर' असं लिहिलं तर काय समजायचं? नॉर्वे, नॉर्थ सी, नॉर्वेजियन सी की नॉर्थ आफ्रिका? प्रत्येकाला वेगळी ठरलेली तीन अक्षरं द्यावी लागली. एखाद्या संक्षेपामुळे आरमार बुडू शकतं, हे ताईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

'रिस्क' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल, निदान फोनवर तरी. तो १९५७ मध्ये आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने काढला. 'द रेड बलून'वाला, हो, तोच! ४२ प्रदेश, सहा खंड, सहा रंग. अलास्का आणि कामचात्का नकाशाच्या दोन टोकांना, पण एका रेषेने जोडलेले. त्याच्या चाळिसाव्या वर्षाच्या खास आवृत्तीत पूर्व आफ्रिका आणि मध्यपूर्व यांना जोडणारी रेषा छापायचीच राहिली. एक रेषा! आफ्रिकेत शिरायचा एक दरवाजा बंद झाला आणि त्या खंडाचा बचाव आपोआप सोपा झाला. नंतर ती छपाईची चूक म्हणून दुरुस्त केली.

आणि 'तिकीट टू राईड', ॲलन मूनचा, २००४ चा. त्यात रेल्वेच्या पत्त्यांवर नुसता रंग नाही, प्रत्येक रंगाचं एक चिन्हही आहे, आणि तेच चिन्ह पटावरच्या मार्गांवर. हे मी ताईला फोनवर मोठं करून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चित्र तर बिघडलं नाही यात." मी म्हणालो, "आणि त्याला चहा टाकायला उठावं लागलं नसतं." त्यावर ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी ब्रश धुवायला घेतले.

नवा नकाशा आता भिंतीवर चिकटवलाय. वाटा पांढऱ्या ठिपक्यांच्या, ओढे निळे, मुक्कामाचं गाव म्हणजे एक गोल आणि त्यात ठळक नाव. व्यापाऱ्यांचे बैल रंगाने वेगळे आहेतच, पण एकाच्या पाठीवर गोणी, एकाच्या पाठीवर पखाल, एकाच्या गळ्यात मोठी घंटा. डोंगर फिके केले, म्हणजे वाटा पुढे येतात. ते करताना तिचा जीव किती तुटला ते मला माहितीये.

शेवटचं भांडण माळशेजवरून झालं. नाणेघाट आणि माळशेज दोन्ही कल्याण बाजूकडून जुन्नरकडेच चढतात, खेळात एक पुरे. मी माळशेज काढायला सांगितला. ताई म्हणाली, पावसाळ्यातला माळशेज नसलेला सह्याद्री मी काढणार नाही. शेवटी तडजोड झाली. धबधबे राहतील, ठिपके नाहीत.

गेल्या रविवारी आतेभाऊ परत आला. तीन तास बसला आणि जिंकलासुद्धा. फक्त दुसऱ्याच पाळीत त्याने त्या धबधब्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथून जाता येतं का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला उठलो.