कोर्टाच्या पायरीची किंमत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, असे आपण म्हणतो तेव्हा निकालापेक्षा खर्चाचा आणि हेलपाट्यांचा धसका जास्त असतो. घरमालकाने अडवून ठेवलेले डिपॉझिट, गिऱ्हाईकाने थकवलेले बिल, परत न आलेले हातउसने पैसे असे दावे रकमेने लहान असतात, पण ज्याचे पैसे अडकले त्याच्या दृष्टीने ते लहान नसतात. या दाव्यांसाठी दिवाणी न्यायाची किंमत कशी ठरत गेली, याचा हा मागोवा.

मराठेशाहीत वतनाचा किंवा देण्याघेण्याचा तंटा गोतसभेपुढे किंवा हुजुरात जाई. वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत, जामीन देत. निवाड्यानंतर हरणारा हार कबूल करणारे येजितखत देई आणि जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. सरकार पैसे घेई ते निवाडा झाल्यावर, आणि दोघांकडूनही: जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याचे हक्काचे होते त्यालाही ते मिळाल्याबद्दल सरकारला पैसे मोजावे लागत. पण हा आकार निवाड्याला जोडलेला होता.

इंग्रजी अमदानीत हा क्रम उलटला, फी दाव्याच्या दारातच घेतली जाऊ लागली. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमधली दाव्यावरची फी काढून टाकली होती. दोनच वर्षांत, १७९५ च्या ३८ व्या रेग्युलेशनने ती परत आली. कारण दिले गेले ते असे की, खोट्या आणि खोडसाळ दाव्यांना आळा बसावा. आज सव्वादोनशे वर्षांनंतरही कोर्ट फीचे समर्थन याच कारणाने होते. गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलचा कायदा सदस्य मेकॉले याने १८३५ मध्येच त्यावर कडाडून टीका केली होती. त्याचा मुद्दा साधा होता. खरे दावे आणि खोटे दावे दोन्ही त्याच दारातून येतात, आणि दारावरची फी त्यांच्यात फरक करत नाही. ती फक्त पैसेवाला आणि बिनपैशाचा एवढाच फरक करते.

सरकारला पैशाची गोडी लागली होती. १८६७ च्या कायद्याने दर इतके वाढवले की लोक दावेच लावीनात. ते दर लोकांना कोर्टापासून दूर ठेवतात, हे सरकारनेच मान्य केले आणि १८७० चा कोर्ट फी कायदा आणला. पण या सुधारलेल्या कायद्याचा तक्ता नीट वाचला तर त्यातला अन्याय आकड्यांतच दिसतो. शंभर रुपयांपर्यंत दर पाच रुपयांना सहा आणे, पुढे हजारापर्यंत दर दहा रुपयांना बारा आणे. म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्याला साडेसात रुपये, हजाराच्या दाव्याला ७५ रुपये, शेकडा साडेसात. रक्कम वाढली की दर उतरत जातो. एक लाखाच्या दाव्याला फी १४२५ रुपये, शेकडा दीडपेक्षाही कमी. आणि दावा कितीही मोठा असला तरी फी ३००० रुपयांच्या वर नाही. सावकाराच्या लाखाला सवलत, मजुराच्या शंभराला पूर्ण भार, असा हा हिशेब होता.

लहान दाव्यांसाठी वेगळी कोर्टे निघाली ती याच काळात. १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत पाचशे रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी स्मॉल कॉज कोर्टांची व्यवस्था झाली. १८८२ च्या कायद्याने ही मर्यादा दोन हजारांवर नेली, १८८७ च्या कायद्याने बाहेरच्या गावांची घडी बसवली. थोडक्यात पुरावा, झटपट निकाल, अपिलाला फारशी जागा नाही, अशी ही कल्पना होती. 

पण झटपट निकाल कोणाच्या सोयीचा, याचे उत्तर दख्खनच्या शेतकऱ्याने आधीच दिले होते. तालुक्याच्या कोर्टात जायचे तर रोजगार बुडणार, वाटखर्च होणार, वकिलाला द्यायला हातात काही नाही. म्हणून तो तारखेला जात नसे. सावकार एकतर्फी हुकूमनामा मिळवी आणि कोर्टाचा खर्चही कर्जाच्या रकमेत चढे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा दंगा झाला तेव्हा लोकांचा रोख सावकारांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळले गेले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावमुन्सफ नेमले, सलोख्याची सोय केली, कर्जाचा मुळापासून इतिहास तपासायला लावला आणि लहान दाव्यांत वकिलांना आवर घातला. याच सुमारास पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद कोर्टे चालवली. न्याय लोकांच्या दारी नेला तर खर्च उतरतो, हे तेव्हाच कळले होते.

स्वातंत्र्यानंतर मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात कोर्ट फीवर कठोर टीका केली. न्यायदानातून राज्याने कमाई करू नये, असे आयोगाचे म्हणणे होते. तरी १९५९ मध्ये मुंबई राज्याने नवा कोर्ट फी कायदा केला, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने कमाल फी दहा लाखांपर्यंत नेली.

दुसरी वाटही आपल्याच देशात आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला एक रुपयाही फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. २००८ च्या ग्रामन्यायालय कायद्यात दाव्याची फी शंभर रुपयांच्या वर जात नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मग बिघडलेल्या फ्रीजची तक्रार फुकट आणि बुडालेल्या मजुरीच्या दाव्याला मात्र स्टॅम्प, हे कोणत्या न्यायाने?

फीनंतरचा खर्च वेगळाच. समन्सचा तलबाना, वकीलपत्र, नकला, तारखांपायी बुडालेली रोजी, आणि हुकूमनामा हातात आल्यावर वसुलीसाठी पुन्हा दरखास्त. खोट्या दाव्याबद्दल कोर्ट जी भरपाई देववू शकते ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ प्रमाणे आजही तीन हजारांपर्यंतच आहे. म्हणजे खोटेपणाला आळा घालण्याचे जे खरे हत्यार, ते बोथट ठेवले आणि दारावरची फी तेवढी चढवत नेली.

लहान रकमेच्या दाव्याला दारात फी नसावी. निकालानंतर ती हरणाऱ्याकडून घ्यावी, आणि दावा किंवा बचाव खोटा ठरला तर जबर घ्यावी. तोवर एवढे लक्षात ठेवा: महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते, त्यात कोर्ट फी आणि वकील दोन्ही येतात. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. खर्चाच्या भीतीने हक्क सोडण्याआधी तिथे जाऊन अर्ज करा.