इलेक्ट्रॉन संरूपण

अणूतील इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षकात किती आहेत हे सांगणारी मांडणी. नील्स बोर यांच्या १९१३ च्या प्रतिकृतीत इलेक्ट्रॉन ठरावीक वर्तुळाकार कक्षेत फिरत असे. कक्षकाला अशी वाट नसते. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच तो सांगतो. एस प्रकारच्या उपकवचात (कक्षकांच्या गटात) एक, पी उपकवचात तीन, डीमध्ये पाच आणि एफमध्ये सात कक्षक असतात. एका कक्षकात दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात, तेही विरुद्ध फिरकीचे. हे बंधन व्होल्फगांग पाउली यांच्या १९२५ मधील अपवर्जन तत्त्वातून येते. त्यामुळे या उपकवचांची क्षमता अनुक्रमे २, ६, १० आणि १४ होते.

सारख्या ऊर्जेचे कक्षक रिकामे असतील, तर इलेक्ट्रॉन आधी एकेकटे, समान फिरकीने बसतात आणि मगच जोडी करतात (हुंड यांचा नियम). नायट्रोजनच्या २पी मधील तीन इलेक्ट्रॉन असे सुटे असतात; ऑक्सिजनच्या चौथ्याला मात्र आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या कक्षकात शिरावे लागते. त्या दोघांतील प्रतिकर्षण मोजमापात दिसते: नायट्रोजनमधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला १४.५३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ऑक्सिजनमधून १३.६२ पुरतात. एरवी आवर्तात उजवीकडे ही आयनीभवन ऊर्जा बहुधा वाढत जाते.

उपकवचांचा क्रम माडेलुंग यांच्या १९३६ मधील नियमाने लक्षात ठेवतात. मुख्य आणि दिगंशी पुंजांकांची बेरीज जिथे कमी, ते उपकवच आधी. बेरीज सारखी असेल तर लहान मुख्य पुंजांकाचे आधी. ४एस ची बेरीज ४ (४+०) आणि ३डी ची ५ (३+२), म्हणून पोटॅशियम (१९) व कॅल्शियम (२०) यांत नवे इलेक्ट्रॉन ४एस मध्ये जातात आणि स्कँडियमपासून (२१) ३डी भरू लागते.

तिरप्या बाणांच्या आकृतीत हा क्रम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. क्रम सांगतो तो एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जातानाचा. एकाच अणूत इलेक्ट्रॉन एकामागून एक येऊन बसतात असे तो सांगत नाही. स्कँडियमचे तीन बाह्य इलेक्ट्रॉन ३डी¹ ४एस² असे असतात, पण दोन काढून घेतल्यावर उरलेला एकटा ३डी मध्ये असतो. म्हणजे तिथे ३डी ची ऊर्जा ४एस पेक्षा कमी आहे. तरी उदासीन अणूत दोघे ४एस मध्ये राहतात, कारण आटोपशीर ३डी मध्ये गर्दी केली तर परस्पर प्रतिकर्षण फार वाढते. निवाडा एकेका कक्षकाच्या ऊर्जेवर होत नाही, अणूच्या एकूण ऊर्जेवर होतो. लोहाचा आयन बनतानाही ४एस मधील इलेक्ट्रॉन आधी जातात.

क्रोमियम (३डी⁵ ४एस¹) आणि तांबे (३डी¹⁰ ४एस¹) हे ठरलेले अपवाद. ‘अर्धे किंवा पूर्ण भरलेले उपकवच स्थिर’ हे त्यांचे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण अपुरे आहे: क्रोमियमच्याच गणातील टंगस्टन ५डी⁴ ६एस² असे राहते. पॅलेडियममध्ये तर ५एस रिकामेच असते. जड अणूंत सापेक्षतेचे परिणाम आणखी उलथापालथ करतात. लॉरेन्शियमचा (१०३) शेवटचा इलेक्ट्रॉन नियमाप्रमाणे ६डी मध्ये हवा. गणिते त्याला ७पी मध्ये ठेवतात आणि २०१५ मध्ये मोजलेली सुमारे ४.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ही आयनीभवन ऊर्जा त्या गणितांशी जुळते.